फवारणीच्या वहीतला एक जादा रकाना

दिंडोरी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४६. बारावी झाली, लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. घरची चार एकर द्राक्षबाग, बराचसा माल निर्यातीचा. मजूर बायकांची जमवाजमव, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), विरळणी आणि फवारणीच्या नोंदींची वही पहिल्यापासून त्यांच्याकडे. छाटणीची तारीख, औषधं आणि व्यापाऱ्याशी बोलणी मात्र यजमानांकडे. यंदा यजमानांची अँजिओप्लास्टी झाली आणि बागेचे निर्णय एकदम ताईंच्या अंगावर आले.

मधल्या काळात त्या नाशिकला व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिराला जाऊन आल्या. रोज रात्री डायरी लिहा, अनुभवातून शिका, असं तिथं सांगितलं. त्यांनी लिहायला घेतलं, पण पानोपानी पस्तावाच उतरू लागला. राहिलेलं कॉलेज, सासूबाईंशी झालेले वाद आणि सगळ्यात जास्त २०१९. त्या वर्षी छाटणी लवकर घ्यावी असा आग्रह त्यांनी धरला होता आणि पावसात बाग गेली. झोप उडाली तेव्हा त्यांनी डायरी बंद केली. आता मुक्त विद्यापीठातून बी. ए. करावं असं मनात आहे. त्यावर दीर म्हणतात, "या वयात पदवी घेऊन काय कलेक्टर होणार का?"

ताई विचारतात, "२७ वर्षं बागेत काढली, पण कुणी विचारलं तर धड सांगता येत नाही. माझा अनुभव म्हणजे नुसत्या चुका. अनुभवातून शिकणं हे शिकलेल्या माणसांचंच काम आहे का? आणि पदवीच्या मागे लागू की नको?"

ताई,

पत्राच्या मधल्या पानावर तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय आणि लगेच स्वतःच ते झटकून टाकलंय. "ओढ्याकडच्या ओळींत केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) नेहमी आधी दिसतो, म्हणून सकाळी मी पहिल्यांदा तिकडची पानं उलटून बघते. पण याला काय शिक्षण म्हणायचं?" मला सगळ्या पत्रात हेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं, म्हणून तिथूनच बोलू.

हे वाक्य तुमच्या मनात तयार व्हायला काय काय घडलं असेल ते बघा. केवड्याच्या बुरशीला ओलं पान लागतं. ओढ्याच्या बाजूला हवा दमट, ऊन उशिरा पोचतं, दव पानावर बराच वेळ बसून राहतं. रोग तिथं आधी येणार, हे शास्त्राला धरूनच आहे. पण तुम्हाला ते कुणी फळ्यावर लिहून शिकवलं नव्हतं. एका वर्षी तिकडे आधी डाग दिसले. पुढं कधीतरी पुन्हा दिसले, तेव्हा आधीचं वर्ष आठवलं. मग मनाशी एक ठोकताळा बसला आणि तुमच्या सकाळच्या फेरीची दिशाच बदलली. वरचा पिवळसर तेलकट डाग कधी भुलवतो, खालची पांढरी बुरशी भुलवत नाही, म्हणून पान उलटायचं, ही सवयही तुमची तुम्हीच लावून घेतली.

डेव्हिड कोल्ब या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी अनुभव येतो. मग माणूस त्याच्याकडे वळून बघतो. बघता बघता त्यातून काहीएक नियम काढतो. आणि तो नियम पुढच्या वेळी वापरून पाहतो, की पुन्हा नवा अनुभव. जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात आणि व्यवस्थापनाच्या वर्गात हे शिकवलं जातं. तुमच्या त्या एका वाक्यात या चारही पायऱ्या आहेत. तेव्हा हे काम शिकलेल्या माणसांचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही प्रश्न विचारण्याआधीच देऊन बसला आहात.

"कुणी विचारलं तर सांगता येत नाही" हेही मला पुरतं पटत नाही. विचारणारा कसा विचारतो त्यावर ते अवलंबून असतं. "द्राक्षाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" असं कुणी विचारलं तर भले भले गप्प होतील. "सकाळी बागेत शिरल्यावर आधी कुठं जाता?" असं विचारलं तर तुम्ही अर्धा तास बोलाल. वर्षानुवर्षं हातांनी काम करणाऱ्यांचं ज्ञान असंच कामाला चिकटून असतं. नेमक्या जागी बोट ठेवून विचारलं तरच ते सुटं होतं. स्वतःला विचारतानाही तसंच विचारायला हवं.

आता २०१९ कडे येते. पत्रात तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय, पण डायरी लिहिताना तुमची झोप त्यानेच उडवली हे दिसतंय. तुम्ही लिहिता, "माझ्या हट्टापायी बाग गेली, तेव्हापासून मी मत देत नाही."

थोडं थांबून तो सप्टेंबर आठवा. निकाल बाजूला ठेवा आणि त्या दिवशी तुमच्या हाताशी काय होतं तेवढंच मांडा. आधीच्या वर्षी लवकर आलेल्या मालाला बरा भाव मिळालेला तुम्ही पाहिला होता. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात छाटलं तर जानेवारीत माल सुरू होतो, तेव्हा बाजारात गर्दी कमी असते. यजमानांचं मन डळमळत होतं, तुम्ही हिशेब मांडून सांगितलंत. यात हट्ट कुठं आहे? हा विचार होता.

मग पाऊस. त्या वर्षी मोसमी पाऊस देशातून माघारी फिरायला लागला तोच मुळी ९ ऑक्टोबरला. तेव्हाच्या हवामान खात्याच्या हिशेबाने तो १ सप्टेंबरच्या सुमारास फिरायला हवा होता. इतकी उशिरा माघार नोंदींमध्ये त्याआधी नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ आलं, पाठोपाठ नोव्हेंबरच्या सुरुवातीला महा. तुमची बाग नेमकी फुलोऱ्याच्या आणि सेटिंगच्या, म्हणजे मणी धरण्याच्या नाजूक दिवसांत होती. गळ झाली, कूज झाली, फवारणी करावी तर ट्रॅक्टर चिखलात शिरेना. नाशिक जिल्ह्यात त्या वर्षी लवकर छाटलेल्या किती बागा गेल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्यांच्या घरी काही तुम्ही आग्रह धरायला गेला नव्हता.

निर्णय आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण विचार करून घेतलेला निर्णय आपटू शकतो आणि डोळे मिटून घेतलेला तरून जाऊ शकतो. पण निकाल कळला की आपलं मन मागं जाऊन सगळं पुसून नव्याने लिहितं, आणि मग वाटतं की हे दिसतच होतं, मलाच कसं कळलं नाही. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांतून हे दाखवून दिलं. घटनेचा शेवट आधीच सांगितलेल्या माणसांना तो शेवट होण्याची शक्यता जास्त वाटली, आणि शेवट माहीत नसता तरी आपण तेच सांगितलं असतं असंही त्यांना वाटत राहिलं. म्हणजे ही तुमची एकटीची खोड नाही, माणसाच्या स्मरणशक्तीचीच आहे.

मग २०१९ मधून शिकण्यासारखं काही नव्हतं का? होतं. तुम्ही लिहिलंय की चारही एकर एकाच आठवड्यात छाटून झाली. पाऊस तुमच्या हातात नव्हता, हा भाग मात्र होता. दोन तुकड्यांत पंधरा-वीस दिवसांचं अंतर ठेवलं असतं तर निम्मी बाग फुलोऱ्याच्या वेळी वेगळ्या हवेत सापडली असती. कदाचित वाचली असती, कदाचित नसतीही, पण सगळी अंडी एका टोपलीत नसती. अंतर का ठेवलं नाही, याचंही काही कारण असेल. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी तेवढ्याच दिवसांसाठी मिळत असेल. असेल तर तेही वहीत यायला हवं, कारण पुढच्या वेळी तुम्हाला टोळीशी बोलणी करताना ते उपयोगी पडेल.

त्या वर्षाने शिकवलेला धडा एवढाच होता: छाटणी टप्प्याने करायची, आणि त्यासाठी मजुरांचं आधी ठरवायचं. तुम्ही मात्र त्यातून घेतलात तो "मी मत द्यायचं नाही" हा. हा धडा बागेबद्दलचा नाहीच. आणि त्याची किंमत इतकी वर्षं घराने मोजली आहे, कारण रोज सकाळी पानं उलटून बघणारं माणूस ठरवायच्या वेळी गप्प बसलं.

अनुभवच सगळ्यात मोठा गुरू, असं आपण सहज म्हणतो. मला ते अर्धवट वाटतं. अनुभव चुकीचंही शिकवतो, आणि तेवढ्याच ठामपणे शिकवतो. भाजलं की हात मागे घ्यायला तो शिकवतो, पण कशामुळे भाजलं ते आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

म्हणून डायरीचा मुद्दा. शिबिरातल्या लोकांचा हेतू वाईट नव्हता, पण "रोज रात्री मनातलं लिहा" एवढंच सांगणं अपुरं आहे. रात्री दहा वाजता, दिवसभर थकलेल्या बाईला कोरं पान दिलं तर त्यावर पस्तावाच उतरणार. मागे वळून बघणं आणि मनात तेच तेच उगाळणं वरवर सारखं दिसतं, पण दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. "माझ्याच बाबतीत असं का होतं?" हा उगाळण्याचा प्रश्न. त्याला उत्तर नसतं, म्हणून तो रात्रभर चालतो. "त्या दिवशी मी काय पाहिलं, काय ठरवलं, कशावरून ठरवलं?" याला उत्तर असतं आणि ते दहा-पंधरा मिनिटांत लिहून संपतं. लिहून झाल्यावर वही मिटवता आली तर तुम्ही विचार करत होतात. मिटवता येत नसेल तर उगाळत होतात. माझ्या मते एवढी खूण पुरे आहे.

तुमच्या घरात याला लागणारी वही आधीपासून आहे, आणि अक्षरही तुमचंच आहे. फवारणीच्या नोंदींची वही म्हणतेय मी. तारीख, प्लॉट, औषध, प्रमाण, काढणीपूर्व किती दिवस, हे सगळं तुम्ही वर्षानुवर्षं लिहीत आला आहात, कारण निर्यातीच्या मालाला त्याशिवाय चालत नाही. २०१० मध्ये युरोपात गेलेली आपली द्राक्षं सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे अडकली तेव्हा नाशिकच्या पट्ट्यात काय हाहाकार झाला होता ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यानंतर काय मारलं, कधी मारलं याच्या नोंदीला किती वजन आलं तेही तुम्ही पाहिलंय. त्या वहीत काय केलं ते सगळं आहे. कशावरून केलं आणि त्यातून काय होईल असं वाटत होतं, हे मात्र कुठंच नाही.

तो एक रकाना वाढवा. आणि तो आधी भरायचा, नंतर नाही. सगळं गणित या आधी-नंतरवर आहे. यंदा छाटणीची तारीख ठरवाल त्या दिवशी दोन-तीन ओळी लिहा: "ओढ्याकडचा प्लॉट अमुक तारखेला, वरचा पंधरा दिवसांनी. कारण हे. पाऊस अमुक तारखेपर्यंत थांबेल असा अंदाज. हवामानाचा अंदाज बदलला तर वरच्या प्लॉटची तारीख पुढं ढकलायची." निकाल लागायच्या आधीचं तुमचं मन त्या ओळींत जसंच्या तसं राहील, मार्चमध्ये ते कुणालाही बदलता येणार नाही, तुम्हालासुद्धा. फुलोऱ्याच्या वेळी ते पान उघडा, काढणी संपल्यावर पुन्हा उघडा. अंदाज कुठं बरोबर आला, कुठं हुकला आणि हुकला तो माहिती कमी पडली म्हणून की नशिबाने, हे शेजारी लिहा. नशिबाने हुकला असेल तर तसं लिहायला लाजू नका. आणि नशिबाने जमला असेल तर तेही लिहा, तिथं माणूस जास्त फसतो.

रोज लिहायची गरज नाही. बागेत मोठे निर्णय हंगामात मोजकेच असतात: छाटणी, जीएचं (जिबरेलिक अॅसिड या संजीवकाचं) डिपिंग, एखादी महागडी फवारणी, काढणी आणि व्यापारी ठरवणं. तेवढ्या दिवशी लिहिलंत तरी भरपूर. वेळ दुपारची ठेवा, जेवणानंतरची. रात्रीची मुळीच नको.

२०१९ बद्दल मात्र एकदा लिहाच, पण निराळ्या रीतीने. "मी" हा शब्द न वापरता लिहा. शेजारच्या गावातल्या एका बाईची हकीकत सांगताय असं समजा: "तिने त्या सप्टेंबरमध्ये असं पाहिलं, तिला असं वाटलं, तिने हे सांगितलं." ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलंय. स्वतःकडे असं तिऱ्हाइतासारखं पाहिलं की जखम कमी चिघळते आणि घडलेलं जास्त स्पष्ट दिसतं. शेजारच्या बाईला तुम्ही "तुझ्यामुळे बाग गेली" असं तोंडावर म्हणाल का? लिहून झाल्यावर मला सांगू नका, यजमानांना वाचून दाखवा.

यजमानांवरून आठवलं. पत्रात ते आजारी माणूस म्हणून येतात आणि तिथंच राहतात. डॉक्टरांनी धावपळ बंद केलीय, बोलणं बंद केलेलं नाही. त्यांच्याकडेही २७ वर्षांचं साठलेलं आहे, आणि घरी बसून त्यांचाही जीव खात असणार. त्यांना "मला सगळं शिकवा" म्हणू नका. जुन्या वह्या काढा, एखाद्या नोंदीवर बोट ठेवा आणि विचारा, "या वर्षी तुम्ही दुसरं डिपिंग चार दिवस पुढं ढकललं होतं. का?" ते आठवतील, थोडं चुकीचंही आठवतील, मग तुम्ही दोघं मिळून ताडून पाहाल. माझ्या मते यंदाच्या तुमच्या शिक्षणातला हा सगळ्यात मोठा तास ठरेल. शिबिरात मिळालं नाही ते इथं मिळेल, कारण इथं शंका घ्यायला दुसरं माणूस समोर आहे.

शंका घेणं महत्त्वाचं आहे, म्हणून तुमच्या ओढ्याच्या वाक्यावरही एक घेते. "नेहमी" आधी दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. खरंच नेहमी? की तुम्ही आधी तिकडेच बघता म्हणून तिकडे आधी सापडतो? जुन्या वह्यांत प्लॉटवार नोंदी आहेत, एका दुपारी बसून ताडून पाहा. यंदा काही दिवस फेरी उलट्या बाजूने सुरू करा. ठोकताळा खरा निघाला तर तो आता नुसता अंदाज राहणार नाही. खोटा निघाला तर एका फवारणीचा खर्च वाचेल. तुमचं ज्ञान कमी लेखण्यासाठी हे म्हणत नाही. जे ज्ञान मी खरं मानते त्यालाच असे प्रश्न विचारावेसे वाटतात.

हे सगळं बागेपुरतं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्टच्या रजिस्टरमध्ये मशीन किती वाजता बंद पडलं आणि कोणता पार्ट बदलला ते असतं, पण ऑपरेटरला आधी काय वाटलं होतं आणि ते का चुकलं हे नसतं. शाळेच्या टाचणवहीत कोणता धडा घेतला ते असतं, मुलं कुठं अडतील असा अंदाज होता ते नसतं. ज्यांच्या ज्यांच्या कामात एखादी वही आधीपासून भरली जाते त्यांनी वेगळी डायरी आणायच्या फंदात न पडता त्याच वहीत हा रकाना वाढवावा. नवी सुंदर डायरी बहुधा कपाटात जाते. कामाची वही रोज हातात येते.

आता पदवी. दिरांचं बोलणं क्षणभर बाजूला ठेवा आणि स्वतःला विचारा की पदवी कशासाठी हवी आहे. दोन कारणं मला तुमच्या पत्रात दिसतात आणि ती एकमेकांत गुंतली आहेत. एक, तुम्हाला वाचायचं आहे, इतिहास आणि मराठी साहित्य पुन्हा हातात घ्यायचं आहे, राहून गेलेलं पुरं करायचं आहे. दुसरं, पदवी असली की घरात माझं म्हणणं ऐकतील, असं वाटतंय. पहिल्या कारणासाठी जरूर करा. दुसऱ्यासाठी करायला गेलात तर पदरी निराशा येण्याचा संभव मोठा आहे. छाटणीच्या तारखेबद्दल तुमचं मत ऐकायचं की नाही हे गुणपत्रिका बघून कुणी ठरवत नाही. ते मतामागचं कारण ऐकून ठरवतात, आणि कारण दाखवायला तुमची वही बी. ए.पेक्षा जास्त कामाची आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं ते मुळात तुमच्यासारख्यांसाठीच. "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद. मुख्यालय आपल्या गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर. बारावी झालेली असल्यामुळे बी. ए.ला तुमची पात्रता आहे. मराठीतून शिकता येतं आणि रोज कॉलेजला जावं लागत नाही. जाण्याआधी दोन गोष्टी तेवढ्या विचारून घ्या: परीक्षा कोणत्या महिन्यात येतात, आणि तुमच्या गावाला सगळ्यात जवळचं अभ्यासकेंद्र कोणतं. परीक्षा काढणीच्या ऐन धामधुमीत येणार असेल तर एकाच वेळी सगळे विषय अंगावर घ्यायचे का, हे तिथल्या समन्वयकांशी बोलून ठरवा.

बागेचं ज्ञान वाढवायला मात्र बी. ए.ची वाट बघू नका. याच विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं शेतकऱ्यांसाठी प्रशिक्षणं होतात. जाताना तुमच्या वहीतले दोन प्रश्न लिहून न्या. प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला तासाभरात जे मिळतं ते नुसतं ऐकायला गेलेल्याला दिवसभरात मिळत नाही. मे महिन्यात बाग जरा शांत असते तेव्हा गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला एखाद्या संध्याकाळी मुलाबरोबर या. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं, मुलगा शहरातच शिकतोय, त्याच्या नावावर घेतलेली पुस्तकं त्याच्या हाती घरी येऊ शकतात. घरात शिकणारं माणूस तो एकटाच नाही, हे त्यालाही कळू द्या.

मग यंदा घ्यायचा का प्रवेश? यजमानांचं दुखणं, पहिल्यांदाच अंगावर आलेली बाग, हे सगळं बघून कुणीही म्हणेल की पुढच्या वर्षी बघू. मी तसं म्हणणार नाही. बायकांच्या शिक्षणाबाबत "पुढच्या वर्षी"चा अर्थ काय होतो ते तुम्ही २७ वर्षं अनुभवलंय. माझा कौल यंदाच प्रवेश घेण्याच्या बाजूने आहे. अभ्यास सावकाश होऊ द्या, एखादा विषय राहिला तर राहू द्या. फक्त पदवीचा निकाल आणि बागेचा हंगाम यांची सांगड घालू नका. एक बिघडलं म्हणून दुसरं सोडायचं नाही, एवढं आधीच ठरवून टाका. आणि हो, हेही वहीत लिहून ठेवा.

दिरांना उत्तर द्यायची घाई नको. छाटणी दोन टप्प्यांत करायचं ठरलं की त्यांना वही दाखवा आणि त्यांचा अंदाज विचारा, तोही तारखेसह लिहून घ्या. त्यांचीही बाग आहे, त्यांनाही २०१९ लागलेलं आहे. टोमणा मारणाऱ्या माणसाला कुणी मनापासून मत विचारलं तर बऱ्याचदा तो वेगळ्याच सुरात बोलायला लागतो. नाहीच बोलले, तर त्यांच्या परवानगीवाचून तुमचं काही अडत नाही.

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. डायरी बंद करूनही रात्र रात्र डोळा लागत नसेल, कशातच मन रमत नसेल आणि असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना भेटा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. घरातलं माणूस हॉस्पिटलातून आल्यावर सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःकडे दुर्लक्ष होतं, हे मी अनेक पत्रांत वाचते.

शेवटची अडचण तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलीय, बारावीची गुणपत्रिका सापडत नाही. त्यासाठी अडून राहू नका. ज्या कॉलेजातून परीक्षा दिली तिथं जा, बैठक क्रमांक आणि वर्ष त्यांच्या दप्तरात मिळतं. त्यांच्यामार्फत नाशिकच्या विभागीय मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करता येतो. हे काम छाटणीच्या आधी उरका, एकदा टोळी आली की तुम्हाला बागेतून हलता येणार नाही.